अंगणांतील वनस्पति : पाषाणभेद

शहापूर तालुक्यांतील एका वाचक भगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांचे धाकटे दीर नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडमध्यें असतात. सुटींत ते तेथील पर्वतांत हिंडावयास गेले असतां, उभ्या खडकाच्या भेगेंतून उगवलेल्या एका लहानग्या झाडाचें छायाचित्र त्यांनीं घरीं पाठविलें. पानांचा गुच्छ कमळासारखा गोल, प्रत्येक पानाच्या कडेला चुन्याच्या बोटानें रेघ ओढावी तशी पांढरी किनार, आणि मधून निघालेल्या दांड्यावर पांढऱ्या फुलांचा तुरा. खालीं नांव लिहिलें होतें, सॅक्सिफ्रेज. घरांतील लहानथोर सर्वांस तें झाड इतकें आवडलें कीं, तें आपल्या अंगणांत कसें लावावें, असें ह्या भगिनी विचारतात. पत्राच्या शेवटीं त्यांनीं आणखी एक प्रश्न जोडला आहे. "मामंजींना मुतखड्याचा त्रास आहे. ते रोज सकाळीं कुंडींतल्या पानफुटीचें पान चावून खातात, कारण तीच पाषाणभेद, असें त्यांना कोणीं सांगितलें आहे. भावजी लिहितात, सॅक्सिफ्रेज म्हणजेही पाषाणभेदच. मग हीं दोन झाडें एकच काय?"

प्रश्न दोन असले तरी त्यांचें मूळ एक आहे, आणि त्यांचीं उत्तरें अनेक घरांस उपयोगीं पडण्याजोगीं आहेत. म्हणून ह्या महिन्याची जागा आम्ही त्यांनाच देतों.

प्रथम नांवाचा विचार करूं. लॅटिन भाषेंत 'सॅक्सम्' म्हणजे खडक आणि 'फ्रांजेरे' म्हणजे फोडणें. संस्कृतांत पाषाण हा शब्द आणि भिद् हा धातु. समास सोडविला तर दोन्ही नांवांचा अर्थ अक्षरशः एकच निघतो. इतकेंच नव्हे, तर दोन्हींत संशयही एकच आहे. जो पाषाण भेदावयाचा तो डोंगरांतला, कीं शरीरांतला? चरकसंहितेंत पाषाणभेदाची गणना मूत्रविरेचनीय द्रव्यांत आहे. सुश्रुतसंहितेंत अश्मरीच्या, म्हणजे मुतखड्याच्या, चिकित्सेंत तिचें नांव येतें. पुढच्या निघंटुकारांनीं अश्मघ्न, गिरिभिद् असे पर्याय दिले. त्यांतला एक शरीराकडे बोट दाखवितो, तर दुसरा डोंगराकडे.

रोमन लोकांतही हाच घोळ होता. प्लिनी ह्या ग्रंथकारानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत हें नांव ज्या वनस्पतीस जोडलें, ती आजची सॅक्सिफ्रेज नव्हेच. ती काळ्या देठाच्या नेच्याची एक जात होती. तिचीं भावंडें आपल्या विहिरींच्या ओल्या दगडांतून लोंबतात, आणि त्यांस आपण हंसराज म्हणतों. प्लिनीचें म्हणणें असें कीं, ही वनस्पति खडकावर उगवते म्हणून नव्हे, तर शरीरांतील खडे फोडते म्हणून तिला हें नांव मिळालें असावें. पुढें तेंच नांव दुसऱ्या झाडांकडे गेलें, आणि १७५३ सालीं लिनियस ह्या स्वीडिश पंडितानें तें आज ज्यांस आपण सॅक्सिफ्रेज म्हणतों त्या प्रजातीस कायमचें दिलें.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानांत यावी. आंबा, फणस, जांभूळ हीं त्या त्या झाडाचीं नांवें आहेत. पाषाणभेद हें तसें नांव नव्हे. पाटील, कुलकर्णी हीं जशीं कामाचीं नांवें, आणि गांवोगांवचे पाटील जसे निरनिराळ्या घराण्यांतले, तसेंच हें आहे. जें झाड मुतखड्यावर गुणकारी वाटलें, त्याला त्या त्या प्रांतांत पाषाणभेद म्हटलें गेलें. उत्तरेकडील वैद्य हिमालयांतील एका झाडाचें मूळ ह्या नांवानें वापरतात. दक्षिणेंत, विशेषतः केरळांत, नदीच्या पात्रांतील खडकांत वाढणारें एक झुडूप पाषाणभेद म्हणून घेतात. कोठें कपुरी-माधुरी ही शेताच्या बांधावर उगवणारी पांढऱ्या लोंब्यांची वनस्पति ह्या नांवानें चालते. कोठें पानओवा, आणि कोठें पानफुटी. बंगाली लोक पानफुटीला पाथरकुची म्हणतात, त्यांतही पाथर म्हणजे दगड आहेच. हीं सर्व झाडें दिसण्यांत, गुणांत आणि घराण्यांत एकमेकांहून अगदीं वेगळीं आहेत.

ह्यांपैकीं मूळ पाषाणभेद कोणती? भारत सरकारच्या आयुर्वेदीय औषधिकोशांत हिमालयांतील झाडालाच हा मान दिलेला आहे. त्याचें शास्त्रीय नांव बर्जेनिया. काश्मीरपासून पूर्वेकडे पसरलेल्या हिमालयाच्या उतारांवर, ओलसर खडकांच्या खांद्यावर तें वाढतें. पानें तळहाताएवढीं, जाड व गोलसर, फुलें गुलाबी, आणि जमिनीलगत आडवें पसरणारें बोटाहून जाड मूळ. तेंच मूळ वाळवून काष्ठौषधीच्या दुकानांत विकतात. आतां गंमत अशी कीं, पूर्वीचे वनस्पतिशास्त्रज्ञ ह्या झाडास सॅक्सिफ्रागा लिगुलाटा म्हणत असत. म्हणजे संस्कृत पाषाणभेद आणि लॅटिन पाषाणभेद हे दोन शब्द हिमालयांत एकाच झाडावर येऊन मिळाले. पुढें शास्त्रज्ञांनीं तें स्वतंत्र प्रजातींत घातलें, तथापि कुल अद्याप सॅक्सिफ्रेजचेंच आहे.

मामंजींची पानफुटी मात्र त्या कुलांतील नाहीं. ती मूळची मादागास्कर बेटांतली, आणि कलांचो ह्या मांसल पानांच्या प्रजातींतली. तरीही नातें अगदींच नाहीं असें नव्हे. वनस्पतींचें आनुवंशिक द्रव्य तपासून गेल्या कांहीं दशकांत जीं घराणीं नव्यानें ठरविलीं गेलीं, त्यांत सॅक्सिफ्रेजचें कुल आणि पानफुटीचें कुल एकाच मोठ्या गणांत बसविलें आहे. आपल्या वाचकांस समजेल अशा भाषेंत सांगावयाचें तर, भावजींचें झाड आणि मामंजींचें झाड ह्यांचें गोत्र एक, कुल वेगळें.

परंतु गोत्र एक म्हणून औषध एक, असें कोणीं समजूं नये. पानफुटीच्या पानांत हृदयाच्या क्रियेवर परिणाम करणारीं द्रव्यें असतात, आणि ऑस्ट्रेलियांत ह्या वर्गांतील झाडें खाऊन गुरें दगावल्याच्या नोंदी आहेत. दुसरें असें कीं, लहान मुतखडे भरपूर पाणी प्यायल्यानें पुष्कळदां आपोआप पडून जातात, आणि त्याच दिवसांत जें पान खाल्लें असेल त्यास श्रेय मिळतें. म्हणून ह्या भगिनींस आमची विनंति अशी कीं, मामंजींचा खडा किती मोठा आहे हें सोनोग्राफीनें पाहून घ्यावें आणि पान खाण्याची गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी. मामंजी जर हृदयाचें कांहीं औषध घेत असतील, तर डॉक्टरांस विचारल्याखेरीज तें पान तोंडांत घालूंच नये. आणि पोटांतील कळेबरोबर थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर झाडपाल्याची वाट न पाहतां त्याच दिवशीं इस्पितळ गांठावें. नांवाच्या सारखेपणावर विश्वासून औषध घेणें म्हणजे आडनांव पाहून सोयरीक करण्यासारखें आहे.

औषधाचा विषय येथेंच सोडून बागेकडे वळूं, आणि तेथें मात्र पानफुटीचें मनापासून स्वागत करूं. हिच्यासारखी गुणी शिक्षिका मुलांस दुसरी मिळणार नाहीं. पान ओल्या मातीवर नुसतें टाकून ठेवलें, तरी त्याच्या कातऱ्यांतून नवीं रोपें फुटतात. जर्मन कवि गटे ह्याला ह्या झाडाचा एवढा नाद होता कीं, तो त्याचीं पानें आपल्या स्नेह्यांस भेट म्हणून पाठवीत असे. ह्याहूनही नवलाची गोष्ट तिच्या चवींत आहे, आणि ती प्रथम आपल्या देशांतच ध्यानांत आली. बेंजामिन हाइन हा वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण हिंदुस्थानांत राहत होता. पानफुटीचें पान सकाळीं आंबट लागतें, दुपारपर्यंत बेचव होतें, असें त्यास आढळलें. हें निरीक्षण त्यानें लंडनच्या लिनियन सोसायटीस कळविलें आणि १८१५ सालीं तें छापून प्रसिद्ध झालें.

ह्याचें कारण असें. इतर झाडें दिवसां पानांचीं सूक्ष्म रंध्रें उघडून हवा आंत घेतात. त्यांतून पाण्याची वाफही बाहेर जाते. खडकावर राहणाऱ्या झाडास हा खर्च परवडत नाहीं. म्हणून पानफुटी रात्रीं, गारव्यांत, रंध्रें उघडते. आंत आलेला कर्बवायु ती आम्लाच्या रूपानें सांठवून ठेवते, आणि दिवसां दारें लावून घेऊन त्या सांठ्यावर सूर्यप्रकाशांत आपलें अन्न शिजविते. सकाळीं सांठा भरलेला, म्हणून रस आंबट. संध्याकाळीं तो संपलेला. मुलांनीं हें चाखून पाहूं नये. शाळेच्या प्रयोगशाळेंत आम्लता दाखविणारा पीएच कागद मिळतो. पहाटे खुडलेल्या व तिन्हीसांजेस खुडलेल्या पानांचा रस त्यावर टाकावा, म्हणजे रंगांतील फरक डोळ्यांस दिसेल.

आतां भावजींच्या झाडाकडे येऊं. सॅक्सिफ्रेजच्या साडेचारशेंच्या आसपास जाति आहेत, आणि त्या बहुतेक उत्तर गोलार्धांतील थंड पर्वतांत राहतात. जांभळ्या फुलांची एक जाति ग्रीनलंडच्या उत्तर टोंकापर्यंत पोहोंचली आहे, आणि स्वित्झर्लंडमध्यें तीच साडेचार हजार मीटरांच्या सुमारास, बर्फाच्या शेजारीं फुलते. छायाचित्रांतील पांढरी किनार म्हणजे खरोखरच चुना आहे. हीं झाडें मुळांवाटे घेतलेल्या पाण्यांतील जास्तीचा चुना पानांच्या कडेवरील बारीक छिद्रांतून बाहेर टाकतात, पाणी उडून जातें आणि चुना तेथें राहतो. इंग्लंडांत ह्यांचा संग्रह करणारे शौकीन पुष्कळ. १९०७ सालीं 'माय रॉक गार्डन' हें पुस्तक लिहिणाऱ्या रेजिनाल्ड फॅररनें खडकबागेची आवड तेथें घरोघर नेली. हा गृहस्थ डोंगरांतील झाडांच्या शोधांत चीनपर्यंत गेला, आणि १९२० सालीं उत्तर ब्रह्मदेशांत, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षीं वारला.

हीं झाडें शहापुरास जगतील काय? नाहीं. त्यांस हिवाळ्यांत बर्फाखालीं झोंप हवी, आणि उन्हाळ्यांतही रात्री गार हव्यात. आपल्याकडे चैत्र-वैशाखांत पारा चाळिसाच्या घरांत जातो, आणि मग चार महिने हवा अशी दमट असते कीं वाळत घातलेलें धोतर दोन दोन दिवस सुकत नाहीं. चीन-जपानकडील एक सॅक्सिफ्रेज, जी तांबूस धाग्यांनीं पसरते आणि जिला जपानी लोक 'बर्फाखालची' अशा अर्थाच्या नांवानें ओळखतात, ती थंड हवेच्या ठिकाणीं सावलींतल्या कुंडींत टिकते. परंतु ती शहापुरास आणून उन्हाळ्याशीं रोज लढत बसण्यांत अर्थ नाहीं. भावजींनीं परत येतांना रोप किंवा बीं पेटींतून आणण्याचाही विचार करूं नये. परवान्यावांचून झाडें देशांत आणण्यास कायद्यानें बंदी आहे.

येथें निराश होण्याचें कारण मात्र नाहीं. सॅक्सिफ्रेज वास्तविक खडक फोडीत नाहीं. खडक फोडतात तीं ऊन, पाणी आणि बर्फ. झाड त्या तयार भेगेंत आपलें बिऱ्हाड थाटतें. भेग अरुंद असली तरी तिच्यांत चार गोष्टी मिळतात: मूठभर माती, मुळांस गारवा, पाण्याचा तात्काळ निचरा, आणि मोठ्या झाडांच्या दाटींतून सुटका. ह्या चार गोष्टी जेथें जेथें आहेत, तेथें तेथें निसर्गानें कोणी ना कोणी पाषाणवासी ठेवला आहे. आणि अशा भेगांचा तोटा आपल्या तालुक्यांस खचित नाहीं.

शहापुराहून माहुलीच्या डोंगराकडे पाहावें. नवरा, नवरी, भटजी अशीं ज्यांस आपण नांवें दिलीं ते सुळके, आणि मुरबाडच्या पूर्वेस सिद्धगड, गोरखगड, नाणेघाट, माळशेज असा उभा राहिलेला सह्याद्रीचा तट, हें सर्व सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं थरावर थर पसरलेल्या लाव्ह्याचें बांधकाम आहे. दोन थरांच्या सांध्यांतून पावसाळ्यांत पाणी पाझरतें. त्या पाझराच्या रेषेवर आमच्याकडील पाषाणवासी राहतात. आषाढांत तेथें शेवाळावर गुलाबी फुलांचा रानबिगोनिया दिसूं लागतो. त्याच्या शेजारीं ढाल-तेरडा. ह्याला खोड जवळजवळ नसतेंच. ढालीसारखीं पानें खडकाला चिकटलेलीं, आणि त्यांतून सरळ वर आलेल्या देठांवर लांब शेपटीचीं गुलाबी फुलें. पाणथळ सपाटीवर निळ्याजांभळ्या सीतेच्या आसवांचा गालिचा पसरतो. त्यांत वांकून पाहणाऱ्यास दवबिंदू ही कीटक धरणारी वनस्पतिही सांपडते. कोरड्या तटांच्या दगडांत मयूरशिखा नांवाचा मोराच्या तुऱ्यासारखा इवलासा नेचा असतो. कार्तिक आला कीं बिगोनिया आणि ढाल-तेरडा दिसेनासे होतात. ते मेलेले नसतात. त्यांचे कंद भेगेंत निजलेले असतात. युरोपांतील पाषाणवासी बर्फाखालीं झोंपतात, आमचे उन्हाखालीं झोंपतात, एवढाच फरक.

ह्या सर्वांत श्रेष्ठ मान आम्ही शिंदळ माकुडीस देऊं. मुरबाड तालुक्यांतील वैशाखऱ्याहून नाणेघाटाची चढण चढून गेलें कीं जुन्नरचा मुलूख लागतो. कल्याण बंदरांतून निघालेला माल सातवाहनांच्या काळीं ह्याच वाटेनें वर जात असे. त्या जुन्नरच्या परिसरांत एकोणिसाव्या शतकांत मुंबई इलाख्याचे वनाधिकारी डॅल्झेल ह्यांस कड्याच्या कपारींत ही वनस्पति आढळली. त्यांनीं तिला इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रियर ह्यांच्या नांवावरून फ्रेरिया इंडिका असें नांव दिलें. बोटासारखें जाड, रसाळ, हिरवें खोड; पाऊस पडला कीं पानें येतात, उन्हाळ्यांत तीं गळून खोड उघडें राहतें. फूल पंचकोनी तारकेसारखें, गडद तांबडें, त्यावर पिवळ्या खुणा. जगांत ही केवळ महाराष्ट्रांत, सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवरच सांपडते. गेल्या शतकाच्या अखेरच्या काळांत जगांतील अत्यंत संकटग्रस्त अशा बारा वनस्पतींची यादी आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघटनेनें काढली, तींत हिचें नांव होतें. ती परदेशीं पाठविण्यास आपल्या सरकारचीही मनाई आहे.

आतां आश्चर्य पाहा. हीच दुर्मिळ वनस्पति कुंडींत वाढविणें मुळींच अवघड नाहीं. खोडाचा बोटभर तुकडा कापून चार-सहा दिवस सावलींत सुकूं दिला आणि भुसभुशीत, वाळूमिश्रित मातींत टोंचला, तर तो मुळें धरतो. अशा तुकड्यांपासून वाढविलेलीं तिचीं रोपें युरोप-अमेरिकेंतील कांचघरांतून आज दिसतात. कुंडींत इतकी सोपी असलेली वनस्पति डोंगरांत इतकी दुर्मिळ कां? कारण तिची भेग दुर्मिळ आहे. कुंडींत आपण रोप वाढवूं शकतों. परंतु कड्यावरील जी भेग भरून रोप उभें राहण्यास कित्येक पावसाळे जावे लागले, ती एकदां खणून रिकामी केली कीं पुढच्या पावसांत तिच्यांतील मूठभर माती वाहून जाते, आणि मग तेथें बीं पडलें तरी रुजावयास जागा उरत नाहीं.

हें सांगण्याचें प्रयोजन असें. हल्लीं पावसाळ्यांतील सुटीच्या दिवशीं माळशेज घाटांत आणि माहुलीच्या धबधब्याशीं माणसांची जत्रा भरते. कसाऱ्याच्या लोकलनें व महामार्गानें आलेलीं मंडळी आनंदानें भिजतात, भजीं खातात, ह्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु परततांना पिशवींत ओल्या रुमालांत गुंडाळलेलें एखादें रोप असतें, आणि हें करणारीं मंडळी बहुधा आपल्यासारख्या सुशिक्षित घरांतलींच असतात. ज्यास फुलांची आवडच नाहीं, तो कशाला खणील? येथें साध्या अंकगणितानें पाहावें. एका कपारींत वीस रोपें आहेत असें समजा. दर रविवारीं एकच मनुष्य एकच रोप नेतो असें धरलें, तरी आषाढापासून अश्विनापर्यंतच्या रविवारांत ती कपार जवळजवळ मोकळी होईल. प्रत्येकजण मनांत म्हणतो, मीं एकच घेतलें. इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकांत घरोघर नेचे जमविण्याचें वेड पसरलें होतें. तेव्हां वुडसिया नांवाचा खडकांतील एक लहान नेचा संग्राहकांनीं इतका खणला कीं, तेथें तो आजतागायत पूर्वपदावर आलेला नाहीं. तीं माणसें दुष्ट नव्हतीं. त्यांस त्या झाडांचें प्रेमच होतें.

शिवाय खणून आणलेलें रोप घरीं जगत नाहीं, तें वेगळेंच. ढाल-तेरड्यास पाझरत्या खडकाचा गारवा हवा असतो. तो बाल्कनींतील काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडींत कोठून येणार? त्याऐवजीं आपल्या घरींच भेग तयार करावी, आणि जें आपण होऊन येईल किंवा रीतसर मिळेल तें तेथें वाढवावें. त्याची कृति सांगतों.

बहुतेक जुन्या घरांतून फुटलेला पाटा, जात्याची तळी, उंबऱ्याचा जुना दगड असें कांहीं पडलेलें असतें. नसल्यास शेताच्या बांधावरचे धोंडे घ्यावेत. डोंगरावरून आणूं नयेत. अंगणाचा सकाळचें ऊन व दुपारची सावली असा कोपरा निवडून तेथें वीतभर जाडीचा विटांच्या तुकड्यांचा थर द्यावा. वर दोन भाग मुरूम किंवा बारीक खडी, एक भाग माती, एक भाग कुजलेल्या पानांचें खत असें मिश्रण घालावें. शेणखत फार घालूं नये. पाषाणवासींस पक्वान्नें मानवत नाहींत. दगड मातीवर नुसते ठेवूं नयेत. प्रत्येकाचा निदान तिसरा हिस्सा पुरावा, सगळ्यांचे थर एकाच दिशेनें ठेवावेत, आणि वरची बाजू किंचित् आंत कलती ठेवावी, म्हणजे पाणी मुळांकडे जातें. दोन दगडांत बोटभर फट सोडावी. ही फट म्हणजेच आपली बाग.

ह्या बागेच्या दोन बाजू कराव्यात. विहिरीच्या किंवा न्हाणीच्या अंगास ओली बाजू. तेथें कांहीं न लावतांही वर्ष-दोन वर्षांत शेवाळ धरतें, आणि हंसराज बहुधा वाऱ्यावरून आपण होऊन येतो. रोपवाटिकेंतला बिगोनियाही तेथें आनंदानें राहतो. दुसरी कोरडी बाजू पागोळ्यांच्या आंत, जेथें छपरामुळें पाऊस थेट पडत नाहीं. तेथें पानफुटी लावावी, आणि हल्लीं दुकानांतून 'सक्युलंट' म्हणून जीं जाड पानांचीं लहान झाडें मिळतात तीं लावावींत. त्यांतील सेडम, एकेव्हेरिया, कलांचो हीं पानफुटीच्याच कुलांतलीं, म्हणजे सॅक्सिफ्रेजच्या गोत्रांतलीं आहेत. एकेव्हेरियाचा गोल गुच्छ तर भावजींच्या छायाचित्राची बरीच हौस भागवील. कोंकणच्या पावसांत उघड्यावर ठेवल्यास मात्र तीं आठवड्यांत कुजतात. ज्या कंदांचीं पानें वाळून गेलीं त्यांस पुन्हां पाऊस येईपर्यंत पाणी घालूं नये, हेंही मुलांस बजावून ठेवावें; निजलेला कंद लाडानें मरतो.

उरला प्रश्न संग्रहाचा. मनुष्यास जमविण्याची हौस असते, आणि ती वाईट नव्हे. मात्र काय जमवावें, हें ठरवावें. तानसा आणि भीमाशंकर हीं अभयारण्यें आपल्या तालुक्यांत पसरलेलीं आहेत. त्यांतून झाड उपटणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं गुन्हा आहे. बाहेरच्या डोंगरांतही कंद व मूळ ह्यांस हात लावूं नये. आपले ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बांधव पावसाच्या तोंडावर शेवळाचे कोंब खुडून बाजारांत आणतात. खालचा कंद जमिनींत तसाच राहतो आणि पुढच्या वर्षीं पुन्हां कोंब देतो. संग्रहाचा हा नियम त्यांच्याकडून शिकावा. दुर्मिळ झाड घरीं हवेंच असेल, तर तें पिढ्यान्‌पिढ्या कुंडींतच वाढविलेलें असल्याची खात्री करून, परवानगी असलेल्या रोपवाटिकेंतून घ्यावें. कड्यावरून तुकडाही आणूं नये.

डोंगरांतून जें आणावयाचें, तें वहींत आणावें. प्रत्येक घरांत एक जाड वही करावी. झाड कोठें दिसलें, तारीख व तिथि, खडक ओला कीं कोरडा, कड्याचें तोंड कोणत्या दिशेस, शेजारीं कोणतीं झाडें होतीं, इतकें लिहावें. छायाचित्र नातवंडांनीं काढावें, नांव सुनांनीं ग्रंथांतून तपासावें, आणि नोंद आजोबांनीं वळणदार अक्षरांत करावी. पुढच्या वर्षीं त्याच पंधरवड्यांत त्याच भेगेपाशीं जावें आणि रोपें मोजावींत. दुर्मिळ झाडाची जागा मात्र वर्तमानपत्रांत किंवा मोबाईलवर जाहीर करूं नये. छायाचित्राबरोबर ठिकाणाची खूणही जाते, ती आधीं काढून टाकावी.

अशी वही पांच-दहा वर्षें चालली, तर ती कोणत्याही कांचघराहून मोलाची होईल. कारण कोणत्या कपारींत काय होतें आणि काय उरलें, ह्याचा तो पुरावा असेल. ज्येष्ठ संपत आला आहे. माहुलीच्या खडकांवर पहिलें शेवाळ धरूं लागलें असेल. ज्यांच्या घरीं वही आहे त्यांनीं ती काढावी, नसेल त्यांनीं आज आणावी. श्रावणअखेरपर्यंत ज्यांच्या नोंदी आमच्याकडे येतील, त्यांतील निवडक नोंदी, जागेचा पत्ता गाळून, आम्ही ह्याच पानावर देऊं.